मंधात कोन बोलते?

फ्लेक्स प्लेटबाईस,



तुला पत्र लिहायचं तर पत्ता काय घालायचा, इथूनच अडचण. सध्या तू माझ्या छपरीत आहेस, कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगलेली. येणारा-जाणारा विचारतो, "सर, ही कायची थाळी जी?" पण तुझा खरा पत्ता इंजिनच्या मागे आणि गिअरबॉक्सच्या पुढे, घंटेसारख्या कवचाच्या आत. गाडी कारखान्यातून निघाल्यापासून भंगारात जाईपर्यंत तिथे कुणाची नजर पोचत नाही. जन्म झाकल्या जागी गेला, म्हणून पत्र तेवढं अनावृत. शिवाय तुझ्या मोडण्यात माझा हात आहे आणि तो चारचौघांत कबूल करायचा राहिलाय.

थाळी म्हणणाऱ्यांचं चुकत नाही. फूटभर व्यासाचा, तीनेक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा. काठाला स्टार्टरसाठी दातेरी कडं, मधे क्रँकशाफ्टच्या बोल्टांची आठ भोकं, बाहेरच्या अंगाला टॉर्क कन्व्हर्टरची सहा. आणि आता मधल्या आठांपैकी पाच भोकांना वळसा घालून गेलेली भेग. चैतात धानाच्या बांधीला पडते तशी, एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत वाट विचारत गेलेली.

ज्यांच्या गाडीला क्लच आहे त्यांच्याकडे तुझ्या जागी बिडाचं फ्लायव्हील असतं, जाड आणि निबर. गाडी ऑटोमॅटिक म्हटली की तू असणारच, असंही नाही. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर स्वस्तातली ऑटोमॅटिक आली, ती एएमटी. तिच्यात क्लच, फ्लायव्हील सगळं जिथल्या तिथे असतं, फक्त क्लच दाबणारा पाय यंत्राचा. तू लागतेस ती टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला. हा कन्व्हर्टर म्हणजे मुळात एका बंद डब्यात समोरासमोर बसवलेले दोन पंखे आणि त्यांच्यामध्ये तेल. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल फेकतो, त्या तेलाच्या माऱ्यानं दुसरा पंखा फिरतो. हरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं 1905 साली याचं पेटंट घेतलं, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी. आमच्या भागाला हे तत्त्व मोटारीच्या आधी रेल्वेनं दाखवलं, पण तेव्हा आम्हाला ते कळलं नाही. नागपूर-नागभीड नॅरोगेज 2019 मध्ये ब्रॉडगेज करण्यासाठी बंद झाली. त्या गाडीला ओढणारी झेडडीएम मालिकेची डिझेल इंजिनं अशीच तेलातून जोर पोचवत. मी त्या गाडीनं कितीदा गेलो असेन. गाडी फाटकावर हळूच सुटायची, धक्का न देता, तेव्हा ते ड्रायव्हरचं कसब आहे असं वाटायचं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात 31 वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. टॉर्क, युग्म, धातूचा शीण, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. आमच्या गाडीचं इंजिन साडेतीनशे न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देतं. म्हणजे मीटरभर लांबीच्या दांड्याच्या टोकाला 35 किलोचं वजन टांगल्यावर जेवढा पीळ पडेल, तेवढा. तीन मिलिमीटरचा पत्रा तो पीळ वर्षानुवर्षं सोसतो, कारण पिळायच्या दिशेनं तू फार ताठ आहेस. पुढेमागे मात्र तू लवतेस, आणि तशी तू मुद्दामच केलेली आहेस. तेल तापलं, दाब वाढला की कन्व्हर्टर किंचित फुगतो, सरकतो. तिथे जाड चाक बसवलं असतं तर तो धक्का क्रँकशाफ्टच्या बेअरिंगला लागला असता. म्हणून पातळ पत्रा. फ्लेक्स हे नाव त्यातूनच आलं. सुट्या भागांच्या दुकानात मात्र ड्राइव्ह प्लेट म्हणून मागावी लागते, नाहीतर काउंटरवरचा माणूस तोंडाकडे बघत राहतो.

एवढं सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी तुझा आवाज ऐकून मी ओळखला नाही.

गाडी ऑटोमॅटिक घेतली ती डाव्या गुडघ्यापायी. वाटी बदलल्यावर डॉक्टर म्हणाले, क्लच सोडा. आमच्या ब्रह्मपुरीला डॉक्टरांची वाण नाही. वैनगंगेपलीकडून, पार गडचिरोलीच्या आतल्या गावांतून लोक इथे दवाखान्यासाठी येतात. माझ्या डॉक्टरांची एक गोष्ट पुढे कामाला येईल म्हणून सांगून ठेवतो. गुडघा दुखतो म्हणून गेलो तर त्यांनी पहिल्यांदा खुबा तपासला. म्हणाले, खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात बोलतं. मी मनात म्हटलं, फी वाढवायची युक्ती. तर घेतली एक सात सीटची डिझेल, सेकंडहँड. शेजारचे ट्रॅक्टरवाले हसले. "बिना क्लचची गाडी म्हणजे बिना कासऱ्याचा बैल, सर."

तुझा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो फेब्रुवारीत, पहाटे चारच्या सुमाराला. सिंदेवाहीकडच्या एका गावात झाडीपट्टीचं नाटक होतं. वडशाची मंडळी, रात्री दहाला पडदा, पहाटे शेवट, मधे दोन लावण्या आणि एक खून. परतताना रेल्वे फाटक बंद मिळालं. मालगाडी येणार होती. मी गाडी 'पी'त टाकली, काच खाली केली, आणि थंड हवेबरोबर आत आलं टक-टक-टक-टक. कोरडं, धातूचं, लाकडी फळीवर कुणी नाण्यानं ठोकावं तसं. मी दाराच्या खटक्याला हात घातला.

"कुठे चालले?" बायको म्हणाली.

"बोनेट उघडून बघतो."

"अहो, बसा गप. इंजिन उद्या बघा. इथं वाघ निघते."

हे काही भित्रेपण नव्हे. ताडोबा तिकडे राहिलं, पण ब्रह्मपुरी वनविभागात अभयारण्याबाहेर वाघ जेवढे, तेवढे एखाद्या अभयारण्यात नसतील. आमच्याकडे पहाटे चारला रस्त्यावर कुणी बोनेट उघडत नाही. मी बसलो. मालगाडी गेली, फाटक उघडलं, 'डी'त टाकली, आणि आवाज दबला. गेला नाही, दबला. पुढे गतिरोधकावर थांबलो, तेव्हाही 'डी'त, ब्रेकवर पाय; आवाज जवळजवळ नाही. घरी पोचून 'पी'त टाकली की पुन्हा टक-टक. चावी बंद केली तेव्हा शेवटी एक खडखडाट, भांड्यांची मांडणी हलल्यासारखा.

बाई, त्या एका तासात तू सगळं सांगितलं होतंस. भार नसताना वाजते, भार आला की दबते, बंद होताना खडखडते. माझ्या विद्यार्थ्यानं प्रयोगवहीत एवढी निरीक्षणं लिहिली असती तर मी पूर्ण गुण दिले असते. मी स्वतः मात्र त्यांच्यावरून काहीच निष्कर्ष काढला नाही. आवाज इंजिनकडून येतोय ना, मग इंजिनचा असणार. लोखंडातून आवाज कसा पळतो हे शिकवणाऱ्या माणसाचा हा तर्क.

नागपूरला एका मोठ्या गॅरेजात दाखवली. नाव सांगत नाही, सांगून फायदाही नाही. दुसऱ्या ठिकाणीही तेच झालं असतं. पांढरी फरशी, एसीची खोली, कॉफी. स्कॅनर लावला, कोड काही नाही. एका साहेबांनी बोनेटजवळ कान नेला, दहा मिनिटांत निकाल दिला. बेअरिंग गेलंय. इंजिन उतरवून उघडावं लागेल, अंदाज लाखाच्या वर. मी म्हटलं, "'डी'त टाकल्यावर आवाज कमी का होतो?" ते म्हणाले, "सर, आवाज आवाजच असतो." हे वाक्य मी घरी येईपर्यंत, भिवापूर-नागभीडमार्गे सगळा रस्ता, चघळत आलो. ध्वनीच्या धड्याच्या पहिल्या पानावर छापण्यासारखं आहे.

पैसे जमवायला महिना गेला. त्या महिन्यात मी तुला रोज चालवत होतो, हे ध्यानात घे. भेग एका भोकाची दोन भोकांची होत होती.

एप्रिलमध्ये शेजारच्यानं आरमोरी रोडच्या एका मिस्त्रीकडे नेलं. गॅरेज म्हणजे कवेलूचा मांडव, एक कडुनिंब, तीन ट्रॅक्टर, एक उघडी पिकअप. मिस्त्री पन्नाशीचा. आधी बारा-पंधरा वर्षं राइस मिलमध्ये फिटर होता, मग गाड्यांकडे आला. ऑटोमॅटिक त्याच्याकडे मी नेली ती कितवी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी नागपूरचा निकाल त्याला ऐकवायला सुरुवात केली, तर त्यानं हात वर केला.

"थांबा जी, सर. पयले तिले बोलू द्या."

त्यानं बोनेट उघडलं. आधी ऑइलची दांडी काढून तेल बोटांत चोळलं, उन्हात धरलं. चकाकी नाही. बेअरिंग झिजलं असतं तर तेलात बारीक धातू चमकला असता. मग मला आत बसवलं. "चालू करा. 'पी'त राहू द्या. आता ब्रेक दाबून 'डी'. पुन्हा 'एन'. 'आर'. पुन्हा 'पी'." असं आठ-दहा वेळा. तो बाहेर डोळे मिटून उभा. बोटांनी मांडीवर ताल धरत होता. मला वाटलं, भजनात बसलाय. नंतर कळलं, मोजत होता. टॅपेटचा आवाज कॅमशाफ्टच्या चालीनं येतो, क्रँकच्या निम्म्या. हा आवाज पुऱ्या चालीचा होता. म्हणजे वरचं काही नव्हे, खालचं किंवा मागचं.

मग त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर काढला. हाताएवढा, मूठ पिवळ्या प्लास्टिकची, कानाला लागून लागून काळी पडलेली. टोक इंजिनच्या डोक्यावर, मूठ कानाला. टोक सम्पच्या बाजूला, मूठ कानाला. गाडीखाली शिरून टोक घंटेच्या कवचावर टेकवलं आणि तिथे बराच वेळ राहिला. बाहेर आला, मला म्हणाला, "आयका." मी रिटायर्ड माणूस, वाटी बदललेली, तरी सरपटत आत गेलो. वरच्या जागी आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा. खाली कवचावर टोक टेकलं आणि कुणी कानातच नाणं वाजवलं.

"इंजन नाही जी बोलत हे," तो म्हणाला. "गेयरबाकस बी नाही बोलत. मंधात कोनी तरी बोलते."

नागपूरच्या निकालाला उत्तर द्यायचं म्हणून त्यानं आणखी एक परीक्षा घेतली. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजत असेल तर त्या सिलिंडरचा जोर काढून घेतला की आवाज बदलतो. जुन्या डिझेलला यासाठी इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करत. आताच्या कॉमन रेलमध्ये ते करायचं नसतं, आत हजार बारच्या वर दाब असतो, तेलाची बारीक धार कातड्यातून आत शिरते. त्यानं पोऱ्याला हे दटावून सांगितलं आणि इंजेक्टरचे वायरीचे कनेक्टर एकेक करून काढले, लावले. इंजिन दर वेळी लंगडलं. तुझ्या टक-टकीत काही फरक नाही. चार सिलिंडर, चार नकार. बेअरिंग सुटलं.

मला इथे माझ्या डॉक्टरांचा खुबा आठवला. फी वाढवायची युक्ती नव्हती ती.

आता तुला बघायचं. कवचाच्या खालच्या बाजूला एक पत्र्याचं झाकण असतं, चार बोल्टांचं. ज्या गाडीला ते नसतं तिचा स्टार्टर काढून त्या भोकातून डोकावतात. झाकण काढलं आणि त्याच्या आतल्या बाजूला तांबूस भुकटी चिकटलेली निघाली, हळदी-कुंकवातलं कुंकू जुनं झाल्यावर होतं तशी. मिस्त्रीनं बोट फिरवून मला दाखवलं. गंज नव्हे हा, म्हणजे पावसाचा गंज नव्हे. दोन लोखंडं एकमेकांवर घासत राहिली की असा भुगा पडतो. त्याच्या दृष्टीनं निकाल तिथेच लागला होता. तरी त्यानं पुढच्या पुलीला पाना लावला आणि इंजिन हातानं, तसू तसू, फिरवलं. खाली पोऱ्या एका हातात आरसा, दुसऱ्यात मोबाइलचा टॉर्च धरून पाठीवर पडलेला. मी वरून विचारत होतो, दिसलं का, दिसलं का.

"सर, फुटली हाय. पुरी मंधातून."

अजून थोडी चालवली असती तर तुझं मधलं चाक सुटून निघालं असतं. मग इंजिन घुमत राहिलं असतं आणि गाडी जागची हलली नसती. चावी फिरवली तर स्टार्टरनं तुझं कडं फिरवलं असतं, कन्व्हर्टर फिरला असता, इंजिन शांत. फाटकापाशी, पहाटे चारला, नाटकाहून येताना.

निदान इथे संपलं, असं मला वाटलं. मी खिशात हात घातला. नवी प्लेट मागवा, लावा, किती होतील? मिस्त्री विडी पेटवत म्हणाला, "प्लेट काय, येते दोन दिवसात. पन ते फुटली कायले?"

हा प्रश्न पांढऱ्या फरशीवर कुणी विचारला नसता असं मी म्हणत नाही. तिथवर ते पोचलेच नव्हते. पण हा माणूस तो विचारू शकला याचं कारण राइस मिल. मिलमध्ये मोटार आणि शाफ्ट यांच्यामध्ये रबराचं कपलिंग असतं, लव्हजॉय म्हणतात त्याला. ते फुटलं की नवशिका फिटर नवं लावतो. पंधरा दिवसांत तेही फुटतं. मालक शिव्या देतो. जुना फिटर आधी सूत धरतो, मोटार आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का बघतो. "कपलिंग फुटत नाही जी आपल्या मनानं. दोघं वाकडे बसले रायते, मार तिले बसते."

तू लवतेस हे खरं. पण तुझं लवणं पुढेमागे, कधीमधी, केसभर. क्रँकशाफ्टचा अक्ष आणि गिअरबॉक्सचा अक्ष एकमेकांपासून जरा जरी सरकले, तरी तुला प्रत्येक फेऱ्याला एकदा इकडे, एकदा तिकडे वाकावं लागतं. मी कागदावर हिशेब मांडला. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर तासाला 1,20,000. नागपूर गाठेपर्यंत तीन लाख. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही सहा हजार किलोमीटर फिरलो असू, म्हणजे दीड कोटीच्या आसपास वाकणं. सायकलच्या स्पोकची तार हातात घेऊन पन्नासदा वाकवली तर तुटते. तू दीड कोटी खेपा सोसल्यास, आणि मग बोललीस.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी का, तर नोव्हेंबरात गिअरबॉक्स उतरवला होता. ऑइल गळत होतं, सील बदलायचं होतं. कुठे, ते सोड. पुतणीचं साक्षगंध गोंदियाला, परवावर आलेलं. मी तिथे स्टूल टाकून बसलो होतो आणि दर अर्ध्या तासाला म्हणत होतो, "भाऊ, उद्या संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणजे पाहिजे." रात्री दहाला पोरांनी बॅटरीच्या उजेडात गिअरबॉक्स चढवला. घासाघीस मी केली होती, घाई मी केली होती. त्यांनी फक्त मला पाहिजे तेवढ्या वेळात काम बसवलं.

मिस्त्रीनं उन्हाचा नेम बघून सकाळी पाचला काम धरलं. आमच्याकडे एप्रिलात अकरा वाजले की पाना हातात धरवत नाही. मे महिन्यात तर राज्यातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या बातमीत ब्रह्मपुरी ठरलेली. पारा 45 ओलांडतो, याचं इथे कुणाला काही वाटत नाही. चेन-पुली कडुनिंबाच्या फांदीला नव्हे (मी घाबरून विचारलं होतं), लोखंडी तिकाटण्याला. गिअरबॉक्स धानाच्या भरल्या पोत्याहून जड. तो मागे सरकला, कन्व्हर्टरमधलं तांबडं तेल परातीत सांडलं, आणि मग तू दिसलीस. आठ बोल्ट काढून मिस्त्रीनं तुला उचललं, एका बोटावर तोललं, पान्यानं टिचकी मारली. चांगली प्लेट घंटेसारखी वाजते. तू फुटक्या मडक्यासारखी वाजलीस.

पण तो तुझ्याकडे फार वेळ बघत नव्हता. इंजिनच्या मागच्या तोंडावर, काठाच्या दोन बाजूंना दोन जागा असतात, तिथे बोट फिरवत होता. एका जागी पोलादाची पोकळ नळी, अंगठ्याच्या पेराएवढी, अर्धी आत अर्धी बाहेर. दुसऱ्या जागी भोक, रिकामं.

"पाहा सर. डाऊल नाही."

डाऊल पिन. बोल्ट आवळून धरतात, पण जागेवर आणायचं काम या दोन नळ्यांचं. जूला शिवळ असते तशी. दोर कितीही आवळा, शिवळ नसेल तर मान सरकतेच. एका बाजूची नळी नव्हती म्हणून गिअरबॉक्स दुसरीभोवती जरासा फिरून बसला होता. किती? डोळ्यांना दिसणार नाही एवढा. तुला दीड कोटी वेळा कळला तेवढा.

नळीचा शोध सुरू झाला. चंद्रपूरला फोन, नागपूरला फोन. प्लेट आहे, बोल्टांचा सेट आहे, डाऊल सुटा मिळत नाही, मागवावा लागेल. लेथवर करून घेऊ म्हणावं तर माप चुकलं की पुन्हा तेच. मिस्त्री वैतागला. पोऱ्याला म्हणाला, "जा, सरच्या गाडीतून पान्याची थैली आन." मग स्वतःच उठला, ड्रायव्हरच्या दारातून वाकला, आणि तसाच थांबला.

डॅशबोर्डवर आमचा गणपती असतो. त्याच्यापुढे उदबत्तीचं घर.

"सर, हे कुठून आनलं?"

आणि मला एकदम नोव्हेंबरची ती रात्र आठवली. गाडी हातात देताना गॅरेजच्या एका लहान पोरानं प्लास्टिकची पिशवी दिली होती. "काका, हे उरलं." जुनं सील, एक डोकं झिजलेला बोल्ट, आणि ही सुबक नळी. उरलं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. चढवलेल्या यंत्रातून काही उरत नसतं, हे बारावीच्या पोरालाही सांगता येईल. मी नळी चोळून लख्ख केली, गणपतीपुढे चिकटवली, आणि काडी आत डुलते म्हणून त्यात चिमूटभर तांदूळ भरले. साक्षगंधाला जाताना पहिली उदबत्ती त्यातच लावली. सगळ्यांना दाखवली होती मी ती.

मिस्त्री हसला नाही. त्यानं पटाशीनं नळी सोडवली, माझा हात पुढे ओढला आणि तांदूळ माझ्या तळहातावर ओतले. मग नळी डिझेलमध्ये बुडवून घासली, काठावरची खरखर काढली, भोकाला लावून हातोडीच्या लाकडी मुठीनं दोनदा ठोकली. बसली. त्या भोकासाठीच तर केली होती ती.

पुढचं सगळं त्यानं सावकाश केलं, कारण मी घरी जाऊन बसलो होतो. (त्यानंच पाठवलं.) कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर बसवताना तो हलके फिरवत आत ढकलायचा असतो, दोन-तीन टप्प्यांत उतरतो, दर वेळी हाताला ठक् कळतं. एखादा टप्पा राहिला आणि तसाच बोल्टांनी ओढला, तर आतला तेलपंप जातो किंवा नवी प्लेट पहिल्याच दिवशी वाकते. त्यानं कवचावर सरळ पट्टी ठेवून कन्व्हर्टर किती आत गेला ते मोजलं, खडूनं फरशीवर लिहिलं. ते आकडे दुसऱ्या दिवशी मी पाहिले. बोल्ट नवे, त्यांना लॉकटाइट, आणि टॉर्क रिंच ट्रॅक्टरच्या शोरूममधून मागून आणलेला. नवी प्लेट बसवण्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही तोंडं हातानं जुळवून पाहिली. बोल्ट न लावता, नुसती. कवच दोन्ही नळ्यांवर सरकून टेकलं तेव्हा मधे कागद जाईल एवढीही फट नव्हती.

संध्याकाळी मला बोलावलं. 'पी'त चालू केली. डिझेलचा नेहमीचा घोगरा आवाज, बाकी काही नाही. 'डी', 'एन', 'आर', 'पी'. बंद केली. भांड्यांची मांडणी हलली नाही. मिस्त्री पुन्हा गाडीखाली शिरला, पिवळी मूठ कानाला लावली, आणि आतूनच म्हणाला, "आता कोनी नाही बोलत."

बिल झालं त्यात प्लेट सगळ्यांत स्वस्त होती. दोन दिवसांची मजुरी जास्त, आणि ती मी घासाघीस न करता दिली.

त्यानं तुला भंगाराच्या ढिगात टाकायला उचललं तेव्हा मी तुला मागून घेतलं. का, ते मलाही नीट सांगता आलं नाही. पदार्थविज्ञानाच्या पोरांना शीण दाखवायला, असं काहीतरी म्हणालो. पोरं आता कुठे येतात माझ्याकडे.

गणपतीपुढची जागा रिकामी आहे. चिकटवलेल्याचा गोल डाग तेवढा राहिलाय. गुरुवारची उदबत्ती मी आता छपरीत लावतो, तुझ्या मधल्या आठ भोकांपैकी एकात, भेग जिथे पोचली नाही त्या बाजूच्या. काडी तिथे नीट ठरत नाही, डुलते. बायको म्हणते, राख कॅलेंडरवर पडते.

आपला,
ब्रह्मपुरीचा एक रिटायर्ड मास्तर